नकाशावर नसलेली गावे आणि कॉम्प्युटरपुढची मुले

जनगणनेच्या ड्यूटीवर ज्यांना पाठविले गेले आहे, त्यांना नजरी नकाशा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. घरयादीला हात घालण्याआधी प्रगणकाने आपला गट पायी फिरायचा, कोऱ्या कागदावर रस्ता, नाला, विहीर, शाळा, देऊळ, विहार दाखवायचे आणि मग एकेक घर काढायचे. पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण. नंबर टाकायचे, कोणीकडून कोणीकडे गेलो त्याचे बाण काढायचे. हा नकाशा मापाला बरोबर नसतो, पण त्याची एक ताकद असते. त्या कागदावर जे घर आले नाही, ते मोजणीतूनही सुटण्याची भीती असते. म्हणून आम्हा कारकून मंडळींना ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा बजावले जाते की नाल्यापलीकडची चार खोपटी विसरू नका.

हीच नजरी नकाशाची गोष्ट आज जगात फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे, आणि ती करणारे पगारी नोकर नाहीत. शाळा-कॉलेजातील मुले-मुली वर्गातल्या कॉम्प्युटरपुढे बसून, ज्या गावात आपण जन्मात पाऊल ठेवणार नाही त्या गावातील घरे, पायवाटा आणि ओढे काढीत आहेत. त्यातून कोठे रोगाची साथ आटोक्यात आणायला मदत झाली, कोठे भूकंपातील जखमींपर्यंत वाट सापडली, कोठे एखादी मुलगी रात्रीतून सोडविता आली. आपल्या घरातील विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही हकिगत माहीत व्हावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सुरुवात एका विद्यार्थ्यापासूनच

इंग्लंडमध्ये सरकारी नकाशे उत्तम असत, पण ते वापरायचे तर पैसे मोजावे लागत. लोकांच्या कराच्या पैशातून केलेला नकाशा लोकांनाच विकत का घ्यावा लागावा, असा प्रश्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणाला पडला. २००४ साली त्याने 'ओपनस्ट्रीटमॅप' हा जगाचा नकाशा सुरू केला. तो कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यात भर घालावी, कोणीही तो फुकट वापरावा. आज बचाव-पथकापासून डिलिव्हरी करणाऱ्या मुलापर्यंत अनेकांच्या मोबाईलवर तोच नकाशा वेगवेगळ्या नावांनी असतो, हे पुष्कळांना माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, गूगलचा नकाशा असताना या खटाटोपाची गरज काय? वाचकहो, येथेच खरी मेख आहे. कंपनीचा नकाशा जेथे दुकाने आहेत, मोटारी आहेत, जाहिराती चालतात तेथे आधी भरतो. आफ्रिकेतील एखाद्या डोंगराळ जिल्ह्यात, जेथे विकत घेणारा कोणी नाही, तेथे हजारो माणसे राहत असूनही नकाशावर नुसता हिरवा-पिवळा रंग दिसे. गरीब माणूस नकाशावर नसतो, कारण त्याला नकाशावर आणण्यात कोणाचा फायदा नसतो. एरवी हे चालून जाते. साथ आली, पूर आला, जमीन हादरली की त्याची किंमत कळते.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला. पोर्तोप्रँस ही राजधानीच कोसळली. बाहेरून मदतीला आलेल्या पथकांजवळ शहराचा धड नकाशा नव्हता. तेव्हा उपग्रहाने आणि विमानातून काढलेले ताजे फोटो कंपन्यांनी खुले केले, आणि जगभरातील सहाशेच्या आसपास माणसांनी आपापल्या घरी बसून त्यांवरून रस्ते, पडलेल्या इमारती आणि तंबूंच्या वसाहती काढल्या. काही दिवसांतच बचाव-पथके हाच नकाशा आपल्या जीपीएस यंत्रात भरून हिंडू लागली. त्याच वेळी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलमधील विद्यार्थी वेगळ्या कामात होते. हैतीतील लोकांना ४६३६ या नंबरवर मोबाईलवरून फुकट संदेश पाठविता येत असे. संदेश क्रिओल भाषेत येत. परदेशी राहणारे हैतीचे लोक त्यांचे इंग्रजी करीत, आणि हे विद्यार्थी रात्रंदिवस आळीपाळीने बसून तो संदेश नेमका कोणत्या गल्लीतला आहे हे शोधून नकाशावर टाचणी मारीत. ज्यांना आपली भाषा येते असे दूरदेशीचे आपलेच लोक नसते तर ते विद्यार्थी काही करू शकले नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या अनुभवातून त्याच वर्षी 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' ही संस्था उभी राहिली. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात या संस्थेने अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस आणि १९९९ चे शांततेचे नोबेल मिळालेली डॉक्टरांची संस्था 'मेदसाँ साँ फ्रॉन्तिए' यांच्याबरोबर 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम काढला. संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, जेथे संकट येण्याचा संभव आहे ती गावे आधीच नकाशावर आणावीत हा त्याचा हेतू. २०१५ साली अमेरिकेतील टेक्सास टेक, जॉर्ज वॉशिंग्टन आणि वेस्ट व्हर्जिनिया या तीन विद्यापीठांनी 'यूथमॅपर्स' सुरू केले. त्याच्या शाखा पुढे सुमारे चारशे कॉलेजांत, सत्तरहून अधिक देशांत निघाल्या. सुरुवातीचा आधार अमेरिकी सरकारच्या यूएसएड खात्याचा होता. ते खाते २०२५ च्या जुलैत बंद झाले. सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या चांगल्या कामांचे काय होते हे आपण आपल्याकडेही पाहत असतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

एक चौकोन, एक विद्यार्थी

काम चालते कसे ते नीट सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पालकांना वाटते की कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा खेळतोच आहे.

समजा, एखाद्या जिल्ह्यात गोवर-लसीची मोहीम घ्यायची आहे. संस्था त्या जिल्ह्याचे कॉम्प्युटरवर लहान लहान चौकोन पाडते. विद्यार्थी एक चौकोन निवडतो. त्याने तो घेतला की दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. म्हणजे दोघांनी एकच घर दोनदा काढायला नको. दोन तासांत काम पुरे झाले नाही तर तो आपोआप मोकळा होतो. चौकोन उघडला की उपग्रहाचा फोटो दिसतो. वरून पाहिलेली छपरे, झाडांची डोकी, पांढुरकी पायवाट. विद्यार्थ्याने माऊसने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर टिचकी मारून त्याची कड काढायची. काढून झाले की 'क्यू' हे बटण दाबले म्हणजे वाकडेतिकडे कोपरे काटकोनात बसतात. आफ्रिकेत गोल झोपड्या फार; त्यांच्यासाठी 'ओ' दाबायचे, म्हणजे कड गोल होते. फोटो तिरका काढलेला असेल तर छप्पर एकीकडे आणि पाया दुसरीकडे दिसतो. मग छप्पर काढून ते उचलून पायावर नेऊन ठेवायचे. नंतर 'हे घर आहे', 'ही बैलगाडीची वाट आहे', 'ही पायवाट आहे' अशी नोंद करायची.

चौकोन संपला की तो दुसऱ्या, अधिक अनुभवी माणसाकडे तपासणीला जातो. लेजरला जसे एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने टिक मारायची, तसेच. चुकले असेल तर तो लिहून कळवितो की बाबा रे, ही झाडाची सावली आहे, घर नव्हे. येथे दोन घरे आहेत, तू एकच काढलेस.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. उपग्रहाला छप्पर दिसते, त्याखाली दवाखाना आहे की गोठा आहे ते दिसत नाही. गावाचे नाव तर मुळीच दिसत नाही. म्हणून त्याच देशातील, शक्यतो त्याच भागातील तरुण मोबाईल नाहीतर छापलेला नकाशा हातात घेऊन गल्लीगल्लीत फिरतात आणि लोकांना विचारून नावे भरतात. मगच डॉक्टर, रेड क्रॉसचे स्वयंसेवक, पाणीपुरवठ्याचे लोक तो वापरू शकतात.

नाव का महत्त्वाचे? साथीच्या रोगात डॉक्टर रोग्याला पहिल्यांदा विचारतो, कोठून आलास? १८५४ साली लंडनच्या सोहो भागात जॉन स्नो या डॉक्टरने कॉलराने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती ती दाटलेली दिसली आणि रोग पाण्यातून पसरतो हे सिद्ध करायला मोठा आधार मिळाला. त्या डॉक्टरजवळ लंडनचा नकाशा होता म्हणून ते शक्य झाले. २०१४ च्या मार्चमध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात इबोलाची साथ जाहीर झाली, तेव्हा गेकेडू भागात काम करणाऱ्या डॉक्टरांजवळ असा नकाशा नव्हता. इबोलाच्या रोग्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकावर एकवीस दिवस नजर ठेवावी लागते. रोगी गावाचे नाव सांगे, पण ते नाव कोणत्याच कागदावर नसे. एकाच उच्चाराची दोन-तीन गावे असत. डॉक्टरांनी मदत मागितली आणि स्वयंसेवकांनी थोड्याच दिवसांत त्या भागातील रस्ते आणि हजारो घरे काढून दिली. त्या साथीत तीन देश मिळून अकरा हजारांवर माणसे मेली. नकाशाने साथ थांबली असे आम्ही म्हणणार नाही. साथ थांबविली ती नर्सेसनी, मयत उचलणाऱ्यांनी आणि गावच्या लोकांनी. पण त्यांचे पाय कोणत्या वाटेने पडावेत हे त्या नकाशाने सांगितले.

शेजारच्या देशाची गोष्ट

आम्हाला सर्वांत जास्त भावली ती नेपाळची हकिगत, कारण तेथे बाहेरच्यांच्या आधी घरच्या मुलांनी काम सुरू केले होते.

काठमांडू भूकंपाच्या पट्ट्यात आहे हे सर्वांना ठाऊक होते. मग २०१२ च्या अखेरीस तेथे एक उपक्रम निघाला. शहरातील प्रत्येक शाळा, प्रत्येक दवाखाना नकाशावर आणायचा, इमारत किती मजली, विटांची की सिमेंटची, हेही लिहायचे. कॉलेजचे विद्यार्थी त्यात उतरले. खोऱ्यातील दोन हजारांहून अधिक शिक्षणसंस्था आणि साडेतीनशेच्या आसपास दवाखाने नोंदले गेले. या कामातूनच नामराज बुढाथोकी यांच्या पुढाकाराने २०१३ साली 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही तरुणांची संस्था उभी राहिली. त्या वेळी भूकंप झालेला नव्हता. कोणी टाळ्या वाजवीत नव्हते. उन्हातान्हात शाळांच्या भिंती मोजणारी पोरे पाहून लोक हसलेही असतील.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. मध्य गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ. नेपाळात शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. नाहीतर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. तरी सुमारे नऊ हजार माणसे गेली. पुढचे धक्के चालू होते, १२ मे रोजी तर पुन्हा मोठा भूकंप झाला. अशा स्थितीत लिव्हिंग लॅब्जची मुले-मुली कामाला बसली. जगभरातून हजारो स्वयंसेवक त्यांच्या मदतीला आले, त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. त्यांनी डोंगरातील वाड्या काढल्या, पायवाटा काढल्या, मोकळ्या मैदानांत उभे राहिलेले तंबू दाखविले, हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा जागा शोधल्या. काठमांडूची मुले गावोगावहून येणारे निरोप तपासून ते नकाशावर टाकीत. कोठे तांदूळ नाही, कोठे ताडपत्री पाहिजे, कोठे जखमी आहे. बाहेरच्या पथकांजवळ जो नकाशा होता त्याचा पाया या स्थानिक मुलांनी दोन वर्षे आधी घातला होता. अभ्यासातील काम म्हणतात ते हे. परीक्षा केव्हा होईल हे सांगून होत नाही.

डिसेंबरातल्या रात्री

आता टांझानियाविषयी. हा भाग लिहिताना आम्हाला थोडा संकोच होतो, कारण हे पान घरातील सर्वजण वाचतात. पण न लिहिणे हे चूक ठरेल.

त्या देशाच्या उत्तरेला मारा नावाचा प्रांत आहे. तेथील काही जमातींत मुलगी वयात येऊ लागली की तिच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची रूढी आहे. भूल नाही, औषध नाही. काही मुली रक्तस्राव होऊन मरतात, ज्या वाचतात त्यांना जन्मभर आणि बाळंतपणात त्रास होतो. कापलेल्या मुलीला लग्नात जास्त गाई मिळतात, म्हणून बापाचा हट्ट. १९९८ पासून टांझानियात अठरा वर्षांखालील मुलींबाबत हा गुन्हा आहे, पण कायदा राजधानीत आणि रूढी गावात. शाळांना डिसेंबरात सुट्टी लागली की हे प्रकार सुरू होतात. देवाला मुली सोडण्याची चाल ज्या समाजाने भोगली, त्याला यावर जास्त टीका-टिप्पणी नको.

सेरेंगेटी जिल्ह्यातील मुगुमू या गावी २०१४ पासून अशा मुलींसाठी आसराघर चालते. ते उभे करणाऱ्या रोबी सॅम्वेली यांनी लहानपणी स्वतः हे भोगलेले आहे. मुलगी पळून येते, नाहीतर कोणीतरी गुपचूप फोन करून सांगते की अमुक वाडीत उद्या पहाटे कापणार आहेत. मग पोलीस आणि आसराघरातील बाई गाडी घेऊन निघत. पण वाडी कोठे? रस्त्याला फाटे, फाट्यांना पायवाटा, रात्रीचा अंधार, आणि नकाशावर त्या जागी कोरा कागद. वाट सापडेपर्यंत उजाडले तर सगळे संपले.

२०१५ साली जॅनेट चॅपमन या इंग्लंडमधील बाईंनी 'क्राउडटूमॅप टांझानिया' हे काम सुरू केले. देशोदेशीचे स्वयंसेवक आणि विद्यार्थी फोटोवरून या भागातील घरे आणि वाटा काढू लागले. लाखो घरे निघाली. गावांतील काही बाया-पुरुषांना स्मार्टफोन देऊन गावांची, पाड्यांची, दुकानांची, चर्चची नावे भरायला शिकविले. नेट नसतानाही उघडणारा नकाशा मोबाईलमध्ये घालता येतो. तो पोलिसांजवळ आणि आसराघराजवळ गेला. कोठल्या तरी थंड देशात दुपारच्या तासाला बसून एखाद्या मुलीने काढलेली पायवाट आणि मुगुमूजवळच्या गावातील बाईने भरलेले पाड्याचे नाव, ही दोन्ही मिळाली तेव्हा गाडी बरोबर वळली. यातले एक काढून टाका, दुसरे फुकट जाते.

त्याच देशातील दारेसलाम शहरात २०१५ पासून 'रमानी हुरिया' नावाचे काम झाले. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'खुला नकाशा'. शहर वाढले ते नदीनाल्यांच्या काठाने, झोपड्यांनी. दरवर्षी पाणी घरात. आर्धी विद्यापीठ आणि दारेसलाम विद्यापीठाचे शेकडो विद्यार्थी वस्त्यांत उतरले. टेप घेऊन गटारांची रुंदी-खोली मोजली, रहिवाशांना विचारले की मागच्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत? त्या उत्तरांवरून पुराचा नकाशा तयार झाला. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारले जाते त्या झोपडीतील म्हातारीचे उत्तर येथे पुरावा ठरले. आपल्याकडे पावसाळ्यात नाल्याकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी ही पद्धत मुद्दाम लक्षात घ्यावी.

टीकेची बाजू

सर्व गोडच आहे असे नाही. एका दिवसाचे नकाशा-शिबीर भरवायचे, टी-शर्ट वाटायचे, फोटो काढायचे आणि मुलांनी घाईत काढलेली वेडीवाकडी घरे तपासणाऱ्याच्या गळ्यात मारायची, असेही होते. काढणारे हजार, तपासणारे मोजके. चुकीचा रस्ता काढलेला नकाशा हा कोऱ्या कागदापेक्षा वाईट. कोऱ्यावर निदान कोणी विश्वास ठेवीत नाही. जेथे लढाई चालू आहे तेथे वस्तीचा नकाशा कोणाच्या हाती पडेल याचाही विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की आता हे काम यंत्रच करते. तेही खरे आहे. गूगलने २०२१ साली आफ्रिकेतील घरांच्या कडा यंत्राकडून काढून घेऊन खुल्या केल्या, मायक्रोसॉफ्टनेही तसेच केले. मग मुलांची गरज काय? यंत्र खडकाला घर समजते, झाडाखालची झोपडी त्याला दिसत नाही, आणि ते कोणाला नाव विचारीत नाही. त्याने काढलेले तपासायला डोळे लागतात. मोजणीचे काम कमी झाले, पारखण्याचे वाढले, असे आम्हाला दिसते.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतःच मांडतो. 'जागतिक सेवा' हा शब्द ऐकला की श्रीमंत देशातील मुलगा देणारा आणि काळा-सावळा मुलगा घेणारा, असे चित्र डोळ्यांपुढे येते. नेपाळच्या आणि दारेसलामच्या मुलांनी ते चित्र पुसले. मदत मिळणाऱ्यांच्या रांगेतील मुले मदत करणाऱ्यांच्या रांगेत आली. यूथमॅपर्सच्या शाखा आफ्रिकेत आणि आशियातही भरपूर आहेत, आणि एका संकटग्रस्त देशातील विद्यार्थी दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी बसतात, ही आम्हाला या सर्व कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्या मुलांसाठी

आपल्या मुलांना हे जमेल काय? न जमण्यासारखे त्यात काही नाही. खर्च नाही, फार इंग्रजी लागत नाही. जुना कॉम्प्युटर आणि बऱ्यापैकी नेट असले की पुरे. अनेक शाळांत कॉम्प्युटरची खोली असते आणि तिला कुलूप असते. मुले मोडतील म्हणून ती बंद. पालक-सभेत उठून याविषयी विचारायला हरकत नाही. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास भरावे लागतात. दरवेळी तेच आवार झाडण्यापेक्षा त्यातील काही तास प्राध्यापकांनी या कामाला द्यावेत, असे आम्ही सुचवू. ज्या घरात फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी २०१६ पासून 'मॅपस्वाइप' नावाचे ॲप आहे. त्यात फोटोचे तुकडे दिसतात. घर दिसले तर एकदा टिचकी, शंका असेल तर दोनदा, फोटोच खराब असेल तर तीनदा. त्यामुळे निर्मनुष्य जंगल बाजूला पडते आणि नकाशा काढणाऱ्यांचा वेळ वाचतो. लहान मुलांनी हे आईवडील किंवा शिक्षक जवळ असताना करावे, खात्याला स्वतःचे पूर्ण नाव किंवा फोटो लावू नये.

पहिल्या दिवशी तासाभरात वीस-पंचवीस घरे झाली तरी खूप झाले. तपासणाऱ्याने चूक दाखविली तर मुलाने हिरमुसून सोडून देऊ नये. आईवडिलांनी शेजारी बसून फोटोत काय दिसते हे त्याला सांगावे. गावाकडे वाढलेल्या माणसाला गोठा, खळे, उकिरडा आणि घर वरून पाहिले तरी वेगळे ओळखता येते. शहरातील शिकलेल्या पोराला येत नाही. येथे बापाने मुलाला शिकवावे असे काही आहे.

आणि आपल्या स्वतःच्या वस्त्या? तलाठ्याकडील गावनकाशात शेताचा प्रत्येक सर्व्हे नंबर असतो, गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी एकच पट्टा असे. घराघराची मोजणी ड्रोनने करण्याचे काम स्वामित्व योजनेतून २०२० पासून सुरू झाले. खुल्या नकाशावर आपली गल्ली, समाजमंदिर, बोअरवेल, अंगणवाडी आपल्या मुलांना आजही टाकता येते. खासगी व्यक्तींनी नकाशे करण्यावरचे सरकारी निर्बंध फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच सैल झाले आहेत. लष्कराच्या व तत्सम जागांना मात्र हात लावू नये.

नाव टाकताना एक गोष्ट येईल. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. कागदावर बदल झाला तरी कोणाच्या तरी जुन्या नकाशात ते जुने नाव राहून जाते, आणि पत्ता शोधणाऱ्याला तेच दिसते. खुल्या नकाशात चालू नावासाठी एक रकाना असतो आणि पूर्वीच्या नावासाठी दुसरा. पहिल्या रकान्यात वस्तीचे नवे नाव आजच भरता येईल. दुसरा भरायचा की नाही? जुने दस्त आणि जुनी पत्रे शोधणाऱ्याला ते नाव उपयोगी पडते, असे काही जण म्हणतील. आमच्या मते तो रिकामा ठेवावा. परंतु हे दूरच्या विद्यार्थ्याने किंवा आम्ही लेख लिहून ठरवायचे नाही. रविवारी वस्तीतील मंडळी जमतील तेव्हा मुलांनी मोबाईल पुढे करून सर्वांना विचारावे, आणि बाया काय म्हणतात ते आधी ऐकून घ्यावे.